नाताळच्या झाडातले त्रिकोण: बालवाडीच्या नव्या ताईंसाठी

बालवाडीत माझं ते पहिलंच वर्ष होतं. नाताळच्या आधी मी हिरव्या कार्डपेपरचे त्रिकोण कापले, तीन एकावर एक ठेवून सगळ्या मुलांकडून झाडं चिकटवून घेतली. सगळी झाडं एकसारखी सुबक झाली. पालक खूश, मीही खूश. जानेवारीत वर्गात पताका लावल्या तेव्हा मी एका मुलीला विचारलं, "हा आकार कोणता गं?" ती म्हणाली, "ताई, ही पताका आहे." मी म्हटलं, "हो, पण आकार कोणता? त्रिकोण ना?" तिने मान तिरकी करून पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "नाही. त्रिकोणाचं टोक वर असतं."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिला जेवढे त्रिकोण दाखवले होते, त्या सगळ्यांचं टोक वरच होतं.

तेव्हापासून मी ही झाडं वेगळ्या पद्धतीने करून घेते. यंदा पहिल्यांदाच तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन बसणाऱ्या ताईंसाठी, आणि घरी करू बघणाऱ्या आईबाबांसाठी, ती पद्धत इथे लिहिते आहे.

पिएर व्हॅन हील आणि दीना व्हॅन हील-गेल्डोफ या डच शिक्षक जोडप्याने 1957 मध्ये भूमिती शिकण्याचे टप्पे मांडले. त्यातल्या पहिल्या टप्प्यावर मूल आकार ओळखतं ते त्याच्या एकूण रूपावरून. "हा समोशासारखा दिसतो, म्हणून त्रिकोण." बाजू किती, कोपरे किती, हे पाहणं पुढच्या टप्प्यावर येतं. त्या टप्प्याकडे जायचं तर मुलांच्या हातात तऱ्हेतऱ्हेचे त्रिकोण पडायला हवेत: रुंद, निमुळते, कलते, उलटे. नाताळचं झाड त्यासाठी फार सोयीचं आहे, कारण ते मुळातच त्रिकोणाचं आणि मुलांना मनापासून हवंहवंसं.

आदल्या दिवशीची तयारी

सामान साधंच लागतं. हिरवा कार्डपेपर दोन छटांत (गडद आणि पोपटी), जुन्या लग्नपत्रिका, पुठ्ठा, बोथट टोकाच्या कात्र्या, दिवाळीच्या कंदिलाचा उरलेला घोटीव कागद, टिकल्यांची पाकिटं आणि चिकटवायला खळ. खळ घरीच करा: दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर सतत ढवळत घट्ट करायचा. खळीला कीड लागू नये म्हणून जुन्या पद्धतीत मोरचूद घालत. तो विषारी असतो, मुलांच्या खळीत अजिबात नको. रोजची खळ रोज करा, उरलेली टाकून द्या. थर्माकोलची सजावट महाराष्ट्रात 2018 पासून बंद आहे, तेव्हा तो विचार नकोच. चमकीही मी वापरत नाही, ती हातावरून थेट डोळ्यांत जाते.

आता त्रिकोण कापायचे. हे काम तुमचं, मुलांचं नाही, आणि इथे घाई करू नका. तुकडे नेमके कापले गेले तरच उद्या ते एकमेकांना बरोबर भिडतील.

ए-4 कागद आडवा धरा. त्यावर 5.2 सेंटिमीटर रुंदीच्या चार आडव्या पट्ट्या आखा आणि कापून घ्या. एक पट्टी समोर ठेवा. वरच्या कडेवर डाव्या टोकापासून 0, 6, 12, 18, 24 सेंटिमीटरवर खुणा करा. खालच्या कडेवर 3, 9, 15, 21, 27 वर. आता वरची खूण, खालची खूण, परत वरची, परत खालची अशा नागमोडी रेषा जोडत जा. रेषांवर कापलंत की एका पट्टीतून तिन्ही बाजू सारख्या असलेले आठ त्रिकोण मिळतात, म्हणजे कागदातून बत्तीस. शिवाय प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला एक अर्धा त्रिकोण उरतो. तो फेकू नका, त्याचं काम पुढे आहे.

पहिला त्रिकोण पुठ्ठ्यावर ठेवून त्याचा साचा करून घ्या. त्या साच्याने पुठ्ठ्याचे आणखी नऊ त्रिकोण कापा. हा संच कधीच चिकटवायचा नाही. तो वर्षभर डब्यात राहील.

एका झाडाला गडद हिरवे सहा आणि पोपटी तीन, असे नऊ त्रिकोण लागतात.

आधी झाड बघायचं

वसई पट्ट्यात, गोव्यात किंवा कोकण किनाऱ्यावर कुठेही असाल, तर मुलांना सुरूचं झाड दाखवायला न्या. नाताळात आमच्याकडे सुरूची फांदी वाळू भरलेल्या डब्यात खोचून सजवतात, ती बहुतेक मुलांच्या ओळखीची असते. आत देशावर असाल तर रोपवाटिकेत "ख्रिसमस ट्री" म्हणून अरॉकेरियाची कुंडी मिळते. तेही नसेल तर अशोकाचं उंच झाड चालेल. खाली रुंद आणि वर निमुळतं, एवढं दिसलं की झालं.

झाडाखाली उभं राहून मुलांना हाताने हवेत त्याची कड काढायला लावा. डावीकडून तिरकं वर, टोकाशी थांबायचं, उजवीकडे तिरकं खाली, मग आडवं परत. "किती वेळा वळलास?" हा प्रश्न इथे विचारायचा. तीन वळणं, तीन कोपरे. आकाराचं नाव नंतर येऊ द्या.

परत येताना आकार शोधायचा खेळ. खिडकीचा गज, पायरी, बिस्किट, बाटलीचं झाकण, पताका, घराचं कौलारू छप्पर. शोधलेल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: "कसं ओळखलंस?" हा प्रश्न विचारून मी गप्प बसते. पहिल्या आठवड्यात उत्तरं येतात, "असंच", "दिसतोय ना". महिन्याभरात एखादं मूल बोटाने कोपरे मोजून दाखवतं. बरोबर-चूक लगेच सांगून टाकलंत तर ही मोजणी सुरूच होत नाही.

नऊ त्रिकोणांचं झाड

हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग. चार-पाच वर्षांच्या मुलांना तो नेमका झेपतो. एका वेळी चार मुलं बसवा. सतरंजीवर, टेबलावर नाही, कारण तुकडे सगळ्या बाजूंनी फिरवून बघता आले पाहिजेत.

सुरुवातीला खळ आणायचीच नाही. प्रत्येकाला फक्त सहा गडद त्रिकोण द्या. पोपटी तुमच्या मांडीवर ठेवा.

"खाली तीन घरं बांधूया." तीन त्रिकोण एका रांगेत, टोकं वर, खालचे कोपरे एकमेकांना चिकटलेले. "त्यांच्या टोकांवर आणखी दोन." दोन त्रिकोण अशा बेताने बसवायचे की त्यांचे खालचे कोपरे खालच्या टोकांवर टेकतील. "आणि शेंड्याला एक." तीन, दोन, एक. झाड उभं राहतं, पण त्यात भोकं दिसतात.

इथे थांबा. मुलांना ती भोकं स्वतः दिसू द्या. कोणीतरी म्हणतंच, "ताई, मध्ये खाली राहिलंय." मग विचारा, "त्या जागेत काय बसेल?" बहुतेक मुलं आधी चौकोन म्हणतात, काही गोल म्हणतात. आता पोपटी त्रिकोण पुढे करा. मूल तो टोक वर ठेवून बसवायला जातं, बसत नाही. दुसरीकडे सरकवतं, तरी बसत नाही. गेल्या वर्षी एक मुलगा तुकडा हातात घेऊन बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने तो सावकाश फिरवला, टोक खाली आलं, आणि तुकडा भोकात गच्च बसला. तो ओरडलाच, "उलटा बसला! पण हा तोच आहे!"

"पण हा तोच आहे." या चार शब्दांसाठी हा सगळा खटाटोप. फिरवला तरी त्रिकोण त्रिकोणच राहतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते त्याच्या बोटांना कळलं.

बसवून कधीही दाखवू नका. मदत करावीशी वाटली तर एवढंच म्हणा, "फिरवून बघ." पाच मिनिटं झाली तरी हात मागे ठेवा.

सगळे नऊ बसले की मोजणी. वर एक, मधल्या रांगेत तीन, खालच्या रांगेत पाच. उभे सहा, उलटे तीन. मोठ्या मुलांना विचारून बघा, "खाली अजून एक रांग लावली तर तिला किती लागतील?" काही मुलं सात सांगतात, आणि मांडून बघितल्यावर सातच लागतात. मग पूर्ण झाडाची कड बोटाने फिरवायला सांगा. नऊ छोट्यांचा मिळून एक मोठा त्रिकोण झालाय, हे लक्षात आल्यावर मुलं पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहतात.

आता खळ. साध्या ए-4 कागदावर झाड उतरवायचं. त्याचा पाया 18 सेंटिमीटर होतो आणि उंची साधारण साडेपंधरा, म्हणजे खाली खोडाला जागा राहते. चिकटवायला खालच्या रांगेपासून सुरुवात करायला सांगा. वरून सुरू केलं तर झाड कागदाबाहेर जातं आणि मूल हिरमुसतं.

खोडाला लग्नपत्रिकेतून कापलेला आयत. कुंडी हवी असेल तर वर रुंद, खाली अरुंद असा चार बाजूंचा तुकडा. त्याचं शास्त्रीय नाव मुलांना सांगायची गरज नाही, "यालाही चारच कोपरे" एवढं पुरे.

पट्टीच्या टोकाचे ते अर्धे त्रिकोण

आता ते बाहेर काढा. दोन अर्धे, त्यातला एक पालथा करून, शेजारी जोडले तर पहिल्यासारखाच एक त्रिकोण होतो. एकटा ठेवला तर काहीसा झुकलेला, एक बाजू सरळ उभी असलेला. मुलांना विचारा, हा त्रिकोण आहे का? इथे वर्गात वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. "हा वाकडाय." "अर्धाय." मग कोणीतरी कोपरे मोजतं. वाद मिटवायला एक युक्ती आहे: त्रिकोणाचं नावच त्याची ओळख सांगतं. त्रि म्हणजे तीन. चौरंगाला पाय चार, म्हणून चौकोनाला कोपरे चार. पंचामृतात जिन्नस पाच, म्हणून पंचकोन. आपल्या भाषेत आकाराच्या नावातच मोजणी दडलेली आहे, तिचा भरपूर उपयोग करून घ्या. (फळ्यावर लिहिताना सांभाळा: त्रिकोणात बाणाचा ण, चौकोनात नळाचा न.)

सोबत एक फसवा तुकडाही ठेवा: झाडासारखा, पण बाजू फुगीर कापलेल्या. कोपरे तीनच, पण बाजू सरळ नाहीत. आणखी एक दोऱ्याचा आकार, ज्याचा एक कोपरा उघडाच राहिलाय. त्रिकोण काय नाही, हे बघितल्याशिवाय त्रिकोण काय आहे ते पक्कं होत नाही.

सजावट

टिकल्यांच्या पाकिटात गोल, लंबगोल, थेंबाच्या आकाराच्या, अशा हव्या तेवढ्या तऱ्हा मिळतात. त्या सोलून चिकटवताना चिमटीची ताकद वाढते, पुढे पेन्सिल धरायला तीच लागते. एखादं मूल अजून वस्तू तोंडात घालत असेल तर त्याला टिकल्या देऊ नका, घोटीव कागदाचे मोठे गोल द्या.

शब्दांबद्दल एक. मराठीत आपण पोळीलाही गोल म्हणतो आणि चेंडूलाही. बोलताना त्याने काही बिघडत नाही, पण वर्गात मी दोन्ही वस्तू हातात देते. पोळीसारखा गोल कागदावर चिकटतो, चेंडूसारखा गोल घरंगळतो. तसंच चौरसाचं. "हा चौरस आहे, आयत नाही" असं म्हणू नका. चारही बाजू सारख्या असलेला आयत म्हणजेच चौरस. लहानपणी चुकीचं वाक्य डोक्यात बसलं की पाचवी-सहावीत ते खोडायला फार त्रास पडतो.

चांदणीसाठी लहान मापाचे दोन सारखे त्रिकोण पुरतात. एक उभा, त्यावर दुसरा उलटा, मध्यावर मध्य. सहा टोकांची चांदणी तयार. घोटीव कागदाचे, एक पिवळा आणि एक लाल असे केलेत आणि खिडकीच्या काचेला लावलेत, तर मधला दुहेरी भाग नारिंगी दिसतो. त्या नारिंगी भागाचे कोपरे मोजले की षटकोन सापडतो. मी तो आधी कधीच सांगत नाही.

तीन वर्षांच्या मुलांसाठी

त्यांच्या हाती कात्री नको आणि नऊ तुकडेही नकोत. वर्तमानपत्र किंवा हिरवा कागद फाडू द्या. फाडकाम त्यांना मनापासून आवडतं. पुठ्ठ्यावर एक मोठा त्रिकोण जाड रेषेने काढा आणि त्याच्या आत तुकडे चिकटवू द्या. चिकटवण्याआधी रेषेवरून बोट फिरवायला विसरू नका. रेषेबाहेर गेलं तर जाऊ दे. दुसरा प्रकार पट्ट्यांचा: लांब ते आखूड अशा पाच पट्ट्या, सर्वांत लांब खाली. त्यातून लांब-आखूड आणि क्रम हे दोन्ही होतं. दहा-पंधरा मिनिटांत या वयाचं मूल उठतं. उठू द्या.

पाच-सहा वर्षांच्यांसाठी शंकू

साधारण 20 सेंटिमीटर व्यासाची थाळी कार्डपेपरवर पालथी ठेवून मुलाला कड गिरवू द्या. गोल कापायचा, मधोमध दुमडायचा, घडीवर कापायचा. अर्धा गोल गुंडाळून त्याच्या सरळ कडेचे दोन भाग एकमेकांना लावले की उभं राहणारं झाड होतं. जोड थोडासाच एकावर एक घ्या. खळ इथे लवकर धरत नाही, सुकेपर्यंत कपड्यांचा चिमटा लावून ठेवा.

अर्ध्या गोलाच्या शंकूची एक गंमत आहे. त्याची तिरकी बाजू 10 सेंटिमीटर आणि तळाची रुंदीही जवळपास 10. म्हणून डोळ्यांच्या पातळीवर धरून बघितलं तर तो आधीच्या तीन सारख्या बाजूंच्या त्रिकोणासारखाच दिसतो. कागदावरचा त्रिकोण त्याच्या मागे धरून दाखवा. पाव गोलाचा शंकू केला तर तळ निम्म्याने अरुंद होतो आणि झाड उंच, सडपातळ वाटतं. दोन्ही झाडं शेजारी ठेवून मुलांना विचारा, कोणासाठी जास्त कागद लागला?

मग दार लोटून घ्या आणि बॅटरी लावा. शंकू उभा ठेवून समोरून उजेड टाकला की भिंतीवर त्रिकोण पडतो. शंकूचं टोक बॅटरीकडे वळवलं की भिंतीवर गोल. मुलं शंकूला "त्रिकोण" म्हणत असतात, त्यांना या सावलीनंतर वेगळं काही सांगावं लागत नाही.

किती वेळ, किती दिवस

एका दिवसात सगळं उरकू नका. पहिल्या दिवशी फिरणं आणि शोध, दुसऱ्या दिवशी जमिनीवरची मांडणी, तिसऱ्या दिवशी चिकटवणं, त्यानंतर सजावट. शंकू पुढच्या आठवड्यात. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली.

झाडं एकसारखी होणार नाहीत. एकाचं कललेलं, एकाचं दोन रांगांचंच, एकीने सगळ्या टिकल्या एकाच कोपऱ्यात लावलेल्या. पालक बघायला येणार म्हणून ती रात्री बसून नीट करू नका. झाडांखाली मुलाचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, "मी उलटा घातला तेव्हा बसला" असं. पालक ते वाचतात आणि घरी तसंच विचारू लागतात. झाडं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, म्हणजे जमिनीपासून साधारण मीटरभर.

महागडे संच घ्यायची गरज नाही. आमच्या पालघर जिल्ह्यातच, बोर्डीला 1945 मध्ये आणि 1957 पासून कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची बालवाडी उभी केली ती आसपास सापडणाऱ्या बिया, पानं, खडे, शिंपले यांच्यावर. सुरूची लहान बोंडं, चिंचोके, शंख यांनीही त्रिकोणाची कड मांडता येते. कागद संपला तर मी तेच करते.

6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की आमच्याकडे झाडं उतरतात. कागदावरची झाडं मुलांबरोबर घरी जातात. पुठ्ठ्याचा न चिकटवलेला संच मात्र आठवड्याभरात पुन्हा बाहेर काढा, कारण तोवर संक्रांत आलेली असते. दोन त्रिकोण पायाला पाया लावून जोडले की पतंग होतो. नऊ त्रिकोणांचे पतंग होतात चार, आणि एक उरतो. तो मुलं पतंगाची शेपटी म्हणून खाली लावतात.